कूर्चेविषयीचा निवाडा

इसवी सन १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे विल्यम हंटर नावाच्या पंचवीस वर्षांच्या एका स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने सांध्यांतील कूर्चेची रचना व तिचे विकार या विषयावर एक लहानसा निबंध ठेवला, आणि त्यात, हिपोक्रेटिसापासून आपल्या दिवसापर्यंतच्या साऱ्या वैद्यांची साक्ष काढून, ही कूर्चा एकदा व्रणाने नष्ट झाली म्हणजे पुन्हा भरून येत नाही, असा निवाडा देऊन टाकला. हंटर पुढे प्रसूतिविद्येत नावारूपास आला, राणी शार्लटचा वैद्य झाला, लंडनमध्ये त्याने शरीरविच्छेदनाची नामांकित शाळा चालविली. परंतु गुडघ्याच्या शल्यचिकित्सेवर लिहिणारे आधुनिक ग्रंथकार त्याचे स्मरण करतात ते बहुधा तरुणपणीच्या त्या एका निबंधापुरतेच, आणि तेही प्रस्तावनेत, की पाहा, एवढा मोठा पंडित काय म्हणून गेला आणि आम्ही आज कोठे येऊन पोहोचलो. मला या इतिहासाचा अर्थ काहीसा निराळा लागतो. तुटलेल्या वा झिजलेल्या कूर्चेच्या जागी नवी ऊती रोवण्याचा जो खटाटोप गेल्या शंभराहून अधिक वर्षांत झाला, त्यात ज्यांच्या हाती काही लागले त्यांनी हंटरचा निवाडा रद्द केला असे दिसत नाही. तो कायम धरूनच त्यांनी आपापल्या तजविजी केल्या.

हंटरने पाहिले ते काय? बकऱ्याच्या पायाचा सांधा सोडविताना हाडांच्या टोकांवर जो निळसर पांढरा, चकचकीत, बोटाखालून निसटणारा थर दिसतो, तसाच थर माणसाच्या गुडघ्यातही असतो. त्याच्या पोताला हंटरने मखमलीच्या लवेची उपमा दिली. मखमलीचे रेशमी धागे जसे खालच्या विणीतून सरळ वर उभे राहतात, तद्वत हे सूक्ष्म तंतू हाडावर उभे आहेत असे त्याला आढळले. दुसरी गोष्ट त्याने टिपली ती अशी, की रक्तवाहिन्या सांध्याच्या कडेपर्यंत येतात, तेथे त्यांचे एक कडे होते, आणि भार वाहणाऱ्या कूर्चेत त्या शिरत नाहीत. पुढील दोन शतकांत सूक्ष्मदर्शकाने यात पुष्कळ भर घातली, पण हा पाया हलविला नाही. हा थर गुडघ्यात बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर जाडीचा, गुडघ्याच्या वाटीमागे त्याहून काहीसा अधिक. त्याच्या वजनाचा दोनतृतीयांश किंवा त्याहून अधिक हिस्सा नुसते पाणी. आणि ज्या जिवंत पेशींनी तो घडविला त्या त्यात इतक्या विरळ, की एकूण आकारमानाच्या पाच टक्क्यांपलीकडे त्या सहसा जात नाहीत. प्रत्येक पेशी आपण स्वतःच निर्माण केलेल्या द्रव्याच्या कोठडीत आजन्म कैद असते. तिला अन्न मिळते ते सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून, पाऊल पडताना थर दाबला जातो व उचलताना पसरतो त्या ये-जा करणाऱ्या ओलाव्याबरोबर.

आता ज्या ऊतीत रक्त नाही तिला जखम झाली असता रक्ताची गाठ धरावी कशी, आणि गाठ धरल्यावाचून भरून येण्याचा जो क्रम त्वचेत वा हाडात आपोआप सुरू होतो तो सुरू व्हावा कसा? शिवाय तेथे मज्जातंतूही नाहीत; त्यामुळे नुकसान होऊन वर्षे लोटली तरी, खालच्या हाडाला झळ लागेपर्यंत खुद्द मालकाला त्याचा पत्ता नसतो. 'गादी झिजली' असे डॉक्टरांच्या तोंडून ऐकण्याची पाळी येते तोवर पुष्कळदा बराच उशीर झालेला असतो.

रक्ताशी संबंध तोडला तर ऊती जगत नाही, हे जाणून वागणारे कारागीर आपल्याकडे होते, याचा एक पक्का दाखला हंटरच्या निबंधानंतर पन्नास वर्षांनी इंग्रजांच्याच लेखी नोंदला गेला. टिपू सुलतानाशी झालेल्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा एक इसम कैद झाला, आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. तो परत येऊन वर्षभर नाकावाचून राहिल्यावर पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या जातीतील मनुष्याने त्याला नवे नाक करून दिले, आणि ही क्रिया मुंबईकडील दोन इंग्रज शल्यवैद्यांनी समक्ष पाहिली. 'जंटलमन्स मॅगझीन' या लंडनच्या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये कावसजीच्या चित्रासह छापलेल्या पत्रात तिचे जे वर्णन आहे, ते वाचताना त्या अनामिक कारागिराच्या हाताची सफाई आजही डोळ्यांपुढे उभी राहते. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून नाकाचा आकार घ्यावयाचा. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याच्या कडेने रेघ आखावयाची. रेघेवर कातडे कापून सोडवावयाचे, मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये त्याची एक अरुंद पट्टी न तोडता तशीच ठेवावयाची. मग ते कातडे पीळ देऊन खाली वळवून नाकाच्या जागी खाच पाडून तीत त्याच्या कडा बसवावयाच्या, पाण्यात भिजविलेल्या काताने माखलेल्या चिंध्यांचे पाच-सहा थर वर देऊन चार दिवस ते हलू द्यावयाचे नाही, आणि त्यानंतर तुपात बुडविलेली फडकी लावावयाची. मधली पट्टी तोडावयाची ती सुमारे पंचविसाव्या दिवशी, म्हणजे नव्या जागेतून रक्ताची सोय झाल्यानंतर. सुश्रुतसंहितेत गालावरच्या त्वचेने नाक सांधण्याचा जो विधी आहे, त्यातही आधी पानाने माप घेण्यास सांगितलेले आहे. हे पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने बरीच वर्षे चौकशी केली, १८१४ मध्ये स्वतः तशी क्रिया केली, आणि तेथून ती विद्या युरोपभर गेली.

या कथेचा अभिमान आपल्याकडे नेहमी बाळगला जातो आणि तो अनाठायी नाही. पण माझ्या विषयापुरते तिच्यात महत्त्वाचे आहे ते त्या न तोडलेल्या पट्टीला. वीटकऱ्याची सारी अक्कल तिच्यात साठविलेली होती. गुडघ्याच्या कूर्चेला तशी पट्टी ठेवता येत नाही, कारण ठेवावी तरी तिच्यातून आणावयाचे रक्तच मुळात त्या ऊतीत नाही. तेव्हा नाकाचा मार्ग गुडघ्यास लागू नव्हता, आणि दुसरा मार्ग सापडावयास विसावे शतक उजाडावे लागले.

पहिला धीट प्रयत्न जर्मन शल्यवैद्य एरिख लेक्सर याने केला. तो त्या वेळी प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे होता, आणि १९०८ मध्ये त्याने दुसऱ्याच्या शरीरातील सांधे रोवण्याचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. कोणाचा पाय काही कारणाने कापावा लागला म्हणजे त्याचा ताजा, निरोगी सांधा हाडासकट काढून घ्यावयाचा आणि ज्याचा गुडघा ताठून गेला आहे अशा रुग्णाला बसवावयाचा, असा तो उपक्रम होता. काही रुग्ण खरोखर चालू लागले. पुढे कित्येकांत खालचे परके हाड, नवी रक्तवाहिनी त्यात शिरून जुने पोखरीत असताना, भाराखाली खचले आणि त्यावरील कूर्चा निराधार झाली. लेक्सरने स्वतः नंतर दिलेल्या हिशेबात निम्म्या सांध्यांना यश आले असे म्हटले आहे. साधनांचा तो काळ पाहता हा आकडा उपेक्षणीय नव्हे. महत्त्वाची गोष्ट ही, की रुजावयाचे होते ते हाड, कूर्चेने फक्त वर बसून द्रवातून आपले पोट भरावयाचे होते.

परक्या ऊतीला शरीर हाकलून का देते, याचा उलगडा १९४३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातील भाजलेल्या रुग्णांच्या निमित्ताने, ग्लासगो येथे थॉमस गिब्सन व पीटर मेडावर यांनी केला. एकाची त्वचा दुसऱ्यास लावली असता ती काही दिवसांनी गळून पडते, आणि दुसऱ्यांदा लावली तर त्याहून लवकर गळते, म्हणजे शरीर तिची ओळख लक्षात ठेवते, हे त्यांनी दाखविले. कूर्चेच्या बाबतीत मात्र हा पहारा बराचसा निष्प्रभ ठरतो. पहारेकरी येतात ते रक्ताच्या वाटेने, आणि कूर्चेच्या कोठडीपर्यंत ती वाटच जात नाही. हंटरला ज्या गोष्टीत असाध्यता दिसली तीच गोष्ट येथे पथ्यावर पडली. कॅनडातील टोरोंटो येथे ॲलन ग्रॉस यांनी १९७२ पासून अपघाताने गुडघ्याचा भाग गमावलेल्या तरुण रुग्णांना नुकत्याच मृत झालेल्या दात्यांचे कूर्चेसह हाडाचे तुकडे बसविण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यांचा कटाक्ष होता तो तुकडा ताजा असावा यावर. कारण गोठवून ठेवले तर हाड टिकते, पण कूर्चेतील पेशी मरतात, आणि पेशी मेल्या म्हणजे थर काही वर्षांत निकामी होतो. हा इलाज उत्तम असला तरी त्याला एका घरच्या शोकाची वाट पाहावी लागते, शिवाय माप जुळावे लागते. सबब तो सर्वांस मिळणारा नव्हता.

दरम्यान गुडघ्यात न उघडता डोकावण्याची सोय जपानात झाली, आणि ती तेथेच का व्हावी याचे कारण मोठे मनोरंजक आहे. क्षयाने गुडघा ताठ होणे हे त्या काळी तेथे सर्रास आढळे, आणि ज्या देशात जेवण, अभ्यागतांचे स्वागत, देवपूजा, सारे काही जमिनीवर गुडघे मोडून बसूनच करावयाचे, त्या देशात ताठ गुडघा म्हणजे समाजातून उठणेच होते. तो रोग लवकर ओळखता यावा म्हणून टोकियोच्या केन्जी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासण्याची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली; त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी पुढे चाळीस वर्षांनी त्या कल्पनेतून रोजच्या वापराचे यंत्र घडविले, आणि १९६२ मध्ये त्याच्या साहाय्याने गुडघ्यातील फाटलेल्या चकतीचा तुकडा कापून काढला. पाटावर मांडी घालून जेवणाऱ्या आपल्या लोकांनाही हे दुःख परके नव्हते. शोध मात्र लागला तो तेथे.

दुर्बिणीने जखम दिसू लागली तरी ती बुजवावयाची कशी, हा प्रश्न उरलाच. इंग्लंडातील ब्रिस्टलचे केनेथ प्रिडी यांनी १९५९ मध्ये एक सरळसोट युक्ती सुचविली. कूर्चेत रक्त नाही ना, मग तिच्याखालच्या हाडात आहे. तेव्हा उघड्या पडलेल्या हाडाला गिरमिटाने भोके पाडावीत, मज्जेतून रक्त वर येऊ द्यावे, आणि त्याची गाठ धरून जे काही उगवेल ते उगवू द्यावे. अमेरिकेतील कोलोरॅडो येथे रिचर्ड स्टेडमन यांनी पुढे हीच गोष्ट दुर्बिणीतून, बारीक टोच्याने, तीन-चार मिलिमीटर अंतरावर छिद्रे पाडून अधिक नाजूकपणे केली. उगवते ते मात्र अस्सल कूर्चा नव्हे. व्रण भरल्यावर राहणाऱ्या वणासारखे, तंतुमय, भार सोसण्यास कमी लायक असे ते द्रव्य असते. स्वस्त, सोपे आणि बऱ्याच रुग्णांना काही वर्षे आराम देणारे असल्यामुळे ते मागे पडले नाही. तरी खरी कूर्चा हवी असेल तर ती निर्माण करणाऱ्या पेशीच तेथे नेल्या पाहिजेत, हा विचार याच सुमारास इंग्लंडमध्ये मूळ धरू लागला होता.

त्या विचाराच्या मुळाशी ऑड्री स्मिथ ही शास्त्रज्ञ आहे. जिवंत ऊती गोठवून जतन करण्याच्या शास्त्रात तिचे नाव मोठे. १९६५ मध्ये तिने कूर्चेतून सोडविलेल्या पेशी गोठवूनही जगतात असे दाखविले, आणि १९६८ मध्ये चेस्टरमन यांच्याबरोबर सशांच्या सांध्यांत अशा पेशी रोवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. लवकरच एक विलक्षण अडचण लक्षात आली. कोठडीतून सुटलेली पेशी काचेच्या सपाट तबकडीवर वाढविली तर ती झपाट्याने विभागते खरी, पण आपला धंदाच विसरते; कूर्चेचे द्रव्य बनविण्याऐवजी ती साध्या वणाचे द्रव्य बनवू लागते. १९८२ मध्ये बेन्या व शॅफर यांनी दाखविले, की अशा बिघडलेल्या पेशी घट्ट रसात लोंबकळत ठेवल्या, म्हणजे त्यांना चहूकडून पुन्हा कोंडल्यासारखे केले, तर त्या मूळ कामावर परत येतात. बंदिवासातच जिचे शील टिकते अशी पेशी मला तरी दुसरी ठाऊक नाही.

स्वीडनमधील गोटेनबर्गचे शल्यवैद्य लार्स पीटरसन यांनी न्यू यॉर्कमध्ये डॅनिएल ग्रांदे आदि सहकाऱ्यांसमवेत सशांवर केलेल्या प्रयोगांचा धागा धरून, मायदेशी परतल्यावर १९८७ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या गुडघ्यात त्याच्याच वाढविलेल्या पेशी रोवल्या. या क्रियेचे दोन अंक आहेत. पहिल्यात दुर्बिणीने गुडघा पाहून, मांडीच्या हाडाच्या वरच्या कडेला जेथे भार कमी पडतो तेथून कूर्चेचे दोन-तीन लहान कपटे काढून घेतात. प्रयोगशाळेत एका पाचक द्रव्याने भोवतालचे द्रव्य विरघळवून पेशी मोकळ्या करतात, आणि रुग्णाच्याच रक्तातील द्रवावर दोन ते तीन आठवडे पोसून त्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढवितात. दुसऱ्या अंकात गुडघा उघडून खराब कूर्चा निरोगी कडेपर्यंत खरवडून साफ करतात. येथे शल्यवैद्याला सर्वांत जपावे लागते ते एका गोष्टीला: खालच्या हाडाला धक्का लागून रक्त येता कामा नये. प्रिडी रक्ताला आवतण देत होते. पीटरसन त्याला उंबरठ्याबाहेर ठेवतात, कारण रक्त आले की मज्जेतील पेशी येणार आणि वणाचे द्रव्य माजणार. मग त्या खळग्याचा कागदी वा पातळ पत्र्याचा साचा घेतात, नडगीच्या वरच्या आतल्या बाजूच्या हाडावरील पातळ आवरण त्या साच्याबरहुकूम कापून काढतात, खळग्यावर ते अतिबारीक टाक्यांनी ताणून शिवतात, आणि शेवटी एक लहानसे छिद्र ठेवून त्यातून पेशींचा द्रव पिचकारीने आत सोडतात. पुण्याच्या वीटकऱ्याने मेणाच्या पत्र्याने घेतलेले माप आणि गोटेनबर्गचे हे माप यांत दोनशे वर्षांचे अंतर आहे, रीत एकच.

ऑक्टोबर १९९४ मध्ये पीटरसन, मॅट्स ब्रिटबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या २३ रुग्णांची हकीकत जाहीर केली. मांडीच्या हाडाच्या टोकावरील खळग्यांच्या १६ रुग्णांपैकी १४ जणांचा निकाल चांगला वा उत्तम, वाटीमागील खळग्यांच्या सातांपैकी मात्र दोघांचाच. वर्तमानपत्रांनी यातला पहिला आकडा उचलला आणि दुसऱ्याकडे काणाडोळा केला, हे अपेक्षेप्रमाणेच झाले. अमेरिकन सरकारने १९९७ मध्ये या पद्धतीच्या पेशींना परवानगी दिली. शिवलेले आवरण पुढे जाड होऊन अडथळा करते, म्हणून नंतर त्याच्या जागी कोलॅजनचा पडदा आला, ज्यावर पेशी आधीच पेरलेल्या असतात. त्यालाही २०१६ मध्ये तेथे मान्यता मिळाली.

बुडापेस्टचे लास्लो हांगोडी यांनी १९९२ पासून केलेली मोझेइकप्लास्टी ही या सर्वांहून साधी. रुग्णाच्याच गुडघ्याच्या कमी भाराच्या कडेतून हाड व कूर्चा यांचे काही मिलिमीटर व्यासाचे दंडगोल काढून ते खळग्यात शेजारी शेजारी ठोकून बसवावयाचे. हाड हाडाशी रक्ताच्या जोरावर सांधते. दोन कूर्चा मात्र शेजारी असूनही एकमेकींशी सांधत नाहीत. मधल्या फटी वणाच्या द्रव्याने बुजतात. हांगोडींनी ही मर्यादा लपविली नाही, आणि खळगा लहान असेल तेथेच ही क्रिया करावी हा दंडक घातला.

नॉर्वेत गुन्नार क्नुटसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८० रुग्णांच्या दोन तुकड्या पाडून, एकीला गोटेनबर्गची पेशींची क्रिया आणि दुसरीला साधी टोच्याची छिद्रे, अशी उघड कसोटी लावली. २००४ मध्ये त्यांनी दोन वर्षांचा आणि २००७ मध्ये पाच वर्षांचा निकाल सांगितला. पाच वर्षांत दोन्ही बाजूंना नऊ-नऊ क्रिया फसल्या होत्या, आणि एक पद्धत दुसरीहून सरस असे म्हणण्यास पुरावा मिळाला नाही. इतक्या मेहनतीनंतर हा निकाल पीटरसन यांच्या अनुयायांना रुचला नाही हे साहजिक आहे. त्यांचे म्हणणे, की मोठ्या खळग्यांत आणि अधिक वर्षांनी फरक दिसतो, आणि त्या म्हणण्यात तथ्य असावे असे मला वाटते. भारतात औषध महानियंत्रकांनी २०१७ मध्ये मुंबईच्या एका कंपनीला रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चापेशी वाढवून देण्याची परवानगी दिली, तेव्हापासून ही विद्या येथेही आली आहे. मात्र ती मिळण्यास रुग्ण तरुण हवा, खळगा एकाच जागी व भोवतीची कूर्चा धड हवी. साठी ओलांडलेल्या, दोन्ही गुडघे सर्वांगाने झिजलेल्या ज्या बहुसंख्य स्त्रीपुरुषांना गुडघ्याचे दुखणे आहे, त्यांना धातूच्या सांध्याचाच रस्ता दाखविला जातो.

गुडघ्यावरील अशा क्रियांचा निकाल मोजण्यास जगभर एक गुणपत्रिका वापरतात, ती स्वीडनमध्येच १९८२ साली लिशोल्म व गिल्क्विस्ट यांनी मुळात सांध्याच्या बंधांसाठी तयार केलेली. क्नुटसेन यांनीही तीच वापरली. तिच्या पुढे सुधारलेल्या रूपात शंभर गुणांपैकी वेदनेला पंचवीस, पायाच्या भरवशाला पंचवीस, जिना चढण्याला दहा असे वाटप असून उकिडवे बसण्याला पाच गुण ठेवलेले आहेत. पंगतीत मांडी घालून बसता येते की नाही, हा सांगली-साताऱ्याकडचा रुग्ण डॉक्टरांना प्रथम विचारतो तो प्रश्न. त्याचा रकाना त्या पत्रिकेत नाही.